कोरी कॅसेट

मराठीत कॅसेट 'भरतात'. रेकॉर्ड करतात, टेप करतात असंही म्हणायचे लोक, पण मुलुंडमधल्या आमच्या घरात आणि आजूबाजूच्या चार बिल्डिंगांत तरी खरा शब्द 'भरणे' हाच. पाणी भरावं, लोणच्याची बरणी भरावी, तशी कॅसेट भरायची. "तलतची ती कॅसेट कुठून भरून आणलीस रे?" हा प्रश्न जिन्यात उभं राहून विचारला जायचा. आणि जी अजून भरलेली नाही ती कोरी. कोरा कागद, कोरी साडी, कोरा चहा, तशी कोरी कॅसेट.

कॅसेटचा इतिहास कुणी लिहिलाच नाही असं नाही. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं, तेही आपल्या उत्तर भारतातल्या कॅसेटींवर. एचएमव्हीची मक्तेदारी, मग गुलशन कुमारांची टी-सिरीज, स्वस्त कॅसेटी, दुसऱ्यांच्या आवाजात गाऊन घेतलेली जुनी गाणी, पायरसी, भजनांची लाट... सगळं त्या काळाच्या इतिहासात आलेलं आहे. त्याचा शेवट तर आमच्या उपनगरातच झाला. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत देवळातून बाहेर पडताना गुलशन कुमारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ती बातमी ऐकलेली माणसं अजून 'तेव्हा मी कुठे होतो' ते सांगतात.

पण हा सगळा इतिहास मुख्यतः विकत घेतलेल्या, भरलेल्या कॅसेटींचा. कोऱ्या कॅसेटींचा इतिहास कुठल्या कंपनीच्या दप्तरात नाही. तो आहे माळ्यावरच्या खोक्यांत, बुटांच्या डब्यांत, काचेच्या शोकेसच्या खालच्या खणात. आमच्याकडचा तो खण मी गेल्या वर्षभरात रिकामा केला. बाबांच्या एकशे बेचाळीस कॅसेटी निघाल्या. त्यावरून जे सुचलं ते इथे लिहितोय. नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं, कारण शेवटी त्यांच्यासाठी काम आहे.

* * *

आधी थोडं यंत्राबद्दल.

आपण जिला कॅसेट म्हणतो ती फिलिप्स कंपनीने ऑगस्ट १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात पहिल्यांदा मांडली. ती करणाऱ्या गटाचा प्रमुख लू ओटन्स नावाचा डच इंजिनियर. २०२१ साली वारला बिचारा, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन. मोठमोठ्या रिळांच्या टेपरेकॉर्डरला तो वैतागला होता. त्याने कोटाच्या खिशात बसेल एवढा लाकडाचा ठोकळा कापून घेतला आणि यंत्र एवढंच झालं पाहिजे असं ठरवलं. पुढे तो ऐतिहासिक ठोकळा गाडीचं चाक बदलताना जॅकखाली टेकू म्हणून दिला आणि तिथेच राहिला! जगात कोट्यवधी कॅसेटी झाल्या, पण त्यांचा मूळपुरुष रस्त्याच्या कडेला हरवला.

गंमत म्हणजे ही कॅसेट गाण्यांसाठी नव्हतीच. बोलणं टिपण्यासाठी होती, पत्र सांगून लिहून घेण्यासाठी वगैरे. पावणेचार मिलीमीटरच्या आसपास रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतका सावकाश वेग. त्या वेगात चांगलं संगीत बसेल असं सुरुवातीला फारसं कुणाला वाटलं नव्हतं. ते नंतर बसवलं गेलं. पण जन्मतः ती भरण्याचीच वस्तू. रेकॉर्ड प्लेअरवर तुम्ही फक्त ऐकू शकता. कॅसेटने पहिल्यांदा सामान्य माणसाच्या हातात लाल बटण दिलं.

आता ते लाल बटण नीट आठवा. ते एकटं दाबलं जायचं नाही. बहुतेक मशीनवर 'प्ले'बरोबर जोडीने दाबावं लागायचं. आणि ते दाबलं की आत दोन गोष्टी व्हायच्या. फीत पुढे सरकताना आधी एका हेडखालून जायची, तो तिच्यावर जे काही असेल ते पुसायचा. मग पुढच्या हेडखालून जायची, तो नवं लिहायचा. आधी पुसणं, मग भरणं. मागे काही असो वा नसो, पुसणारा हेड आपलं काम करणारच. म्हणजे वहीसारखं 'उरलेल्या जागेत लिहू' असा प्रकार नाही. ही पाटी होती. पुसल्याशिवाय लिहिताच येत नाही अशी पाटी.

ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते, म्हणून इतकं सांगितलं.

* * *

आमच्या भागात हे यंत्र आलं ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला, आखातातून. प्रत्येक बिल्डिंगमध्ये कुणाचा तरी भाऊ, मेव्हणा दुबईला किंवा मस्कतला असायचा आणि सुट्टीवर येताना 'टू-इन-वन' आणायचा. रेडिओ आणि टेप एकात. नॅशनल पॅनासॉनिक म्हणजे एकदम रुबाब. ज्यांचं तिकडे कुणी नव्हतं ते फिलिप्स किंवा मर्फी घ्यायचे. परदेशी कॅसेट हवी तर विलेपार्ल्याला इर्ल्यात अल्फामध्ये जायचं, आणि मशीन बिघडलं, बेल्ट सैल झाला की लॅमिंग्टन रोड.

कोऱ्या कॅसेटींतही जातिव्यवस्था होती. सोनी आणि टीडीके वरच्या. मेलट्रॅक, टी-सिरीज रोजच्या वापराच्या. त्याखाली बिननावाच्या, ज्यांची फीत रोलरला गुंडाळली जायची आणि मग नटराज पेन्सिल खुपसून तासभर गोल गोल. सहा कोनी पेन्सिल त्या दात्यांत इतकी चपखल बसायची की वाटावं दोघांचा कारखाना एकच आहे. :-)

आकडे तुम्हाला आठवत असतीलच. सी-६० म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, सी-९० म्हणजे पंचेचाळीस. सी-१२० सुद्धा मिळायची पण जाणकार घ्यायचे नाहीत. खोका तेवढाच आणि फीत जास्त, म्हणजे ती पातळच असणार. सी-६० ची फीत साधारण अठरा मायक्रॉन जाड, सी-९० ची बारा, सी-१२० ची जेमतेम नऊ. ती ताणली जायची, अडकायची. आमच्या बाबांना 'मायक्रॉन' वगैरे माहीत नव्हतं, पण "पातळ कापड उसवतंच" हे त्यांचं मत होतं आणि ते बरोबर होतं.

मग भरायची कशी? तीन मार्ग.

पहिला, दुकानात यादी द्यायची. घाटकोपर स्टेशनच्या पश्चिमेला असं एक दुकान होतं. मालकाच्या मागे भिंतभर रेकॉर्डी. आपण वहीचा कागद न्यायचा, त्यावर गाणी लिहिलेली. तो चष्म्यावरून यादी वाचायचा आणि "हे नाही, हे आहे, हे कशाला घेता, याची बाजू दोन ऐका" असं सांगत दुरुस्त करायचा. आठवड्याने कॅसेट भरून मिळायची. यादी करणं हे शास्त्र होतं. तीस मिनिटांत साडेतीन मिनिटांची आठ गाणी बसतात आणि दोन मिनिटं उरतात. त्या दोन मिनिटांचं काय करायचं? नववं घातलं तर अंतऱ्यातच खट्. आमच्या कितीतरी कॅसेटींमध्ये शेवटचं गाणं असं अर्धवट आहे. इतकं, की अजूनही ते गाणं कुठे पूर्ण लागलं तर दुसरा अंतरा मला उपरा वाटतो.

दुसरा मार्ग, एकाकडून दुसऱ्याकडे. बोरिवलीच्या काकांकडे डबल डेक आला आणि नातेवाइकांत त्यांचं वजन एकदम वाढलं. आम्ही मुलुंडहून दादरला गाडी बदलून बोरिवलीला जायचो, पिशवीत चार कोऱ्या कॅसेटी. रविवारभर काका भरत बसायचे, काकू पोहे देत राहायच्या. या अशा प्रकारांनी तिकडे विलायतेत कंपन्यांची झोप उडाली होती. ब्रिटनमधल्या कंपन्यांनी १९८१ साली 'घरच्या टेपिंगमुळे संगीत मरतंय' अशी मोहीमच काढली होती, कवटीच्या जागी कॅसेट आणि खाली दोन हाडं! पश्चिम जर्मनीने १९८५ पासून कोऱ्या कॅसेटींवरच आकार बसवला. आपल्याकडे १९८४ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त होऊन पायरसीच्या शिक्षा कडक झाल्या. बोरिवलीच्या त्या रविवारांना यातलं काही ठाऊक नव्हतं. काकूंच्या पोह्यांवर कुणाचाच कॉपीराइट नव्हता.

तिसरा मार्ग रेडिओ, आणि खरी मजा त्यात. विविध भारती, आकाशवाणी मुंबईची 'आपली आवड', 'भावसरगम', 'पुन्हा प्रपंच', आणि त्याआधी सिलोनवरची बिनाका गीतमाला. टू-इन-वनला रेडिओ आतच असल्यामुळे बाहेरचे आवाज येत नसत. पण आमचा पहिला टेप नुसता टेप होता. तो रेडिओसमोर ठेवून भरायचा. म्हणजे पंखा बंद, दार बंद, बोलायचं नाही, शिंकायचं नाही, कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बंद करायचा. एक कॅसेट भरायला सहा माणसांचं घर अर्धा तास श्वास धरून बसायचं. आणि तरीही मध्येच नवघर रोडवरून भंगारवाला जायचाच.

* * *

आता खणाकडे वळू.

एकशे बेचाळीस कॅसेटींपैकी जेमतेम पन्नासेक विकतच्या. बाकी कोऱ्या आणून भरलेल्या. आणि त्यांच्यावरची लेबलं बघताना मला पहिल्यांदा कळलं की या वस्तूचा इतिहास वाचायचा कसा. लेबलांवर एक नाव नाही. एकावर एक खोडलेली तीन-तीन, चार-चार नावं आहेत. एक नमुना देतो. निळ्या शाईत 'किशोर, दर्दभरी' खोडलेलं. त्याखाली काळ्या बॉलपेनने 'संतवाणी, भीमसेन, रेडिओ' खोडलेलं. त्याखाली 'दहावी संस्कृत, सुभाषिते', हे ताईचं अक्षर, तेही खोडलेलं. आणि शेवटी बाजूला जागा उरली नाही म्हणून उभं लिहिलेलं, 'इंटरव्ह्यू इंग्रजी'. सात-आठ वर्षांत एका फितीवर एवढी वस्ती होऊन गेली. किशोर कुमारला भीमसेन जोशींनी पुसलं, भीमसेनना भर्तृहरीने, आणि भर्तृहरीला माझ्या दादाच्या नोकरीने.

पैसे हे त्याचं साधं कारण. कोरी कॅसेट महिन्याच्या खर्चात बसवायची वस्तू होती. नवी आणण्यापेक्षा जुनी पुसणं सोपं. त्यामुळे प्रत्येक वेळी लाल बटण दाबताना कुणीतरी मनात निवाडा करत होतं, यातलं काय गेलं तर चालेल?

आणि काय गेलेलं चालणार नाही?

याचंही उत्तर कॅसेटवरच असतं. कॅसेटच्या पाठीवर, वरच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकचे दोन चिमुकले चौकोन असतात. आमच्याकडे त्यांना टिकल्या म्हणत. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टिकली मोडली की मशीनचं लाल बटण खाली जातच नाही. एक टिकली एका बाजूची, दुसरी दुसऱ्या बाजूची. (पुन्हा भरायचं असेल तर त्या भोकावर सेलोटेप लावायचा, ही पळवाट सगळ्यांना माहीत होती.) टिकली मोडणं म्हणजे 'हे आता कायमचं' असं घराने जाहीर करणं.

मी भरलेल्या सगळ्या कॅसेटी पालथ्या करून पाहिल्या. टिकल्या मोडलेल्या निघाल्या नऊ.

कोणत्या असतील? मला वाटलं होतं मेहंदी हसन असेल, लता असेल, बाबांचा जीव की प्राण मदन मोहन असेल. त्यातलं एकही नाही! मदन मोहनच्या सगळ्या टिकल्या शाबूत. मोडलेल्या नऊ अशा. दादाची मुंज, १९८५. आत्याच्या लग्नातली मंगलाष्टकं. ताईने बोबडं म्हटलेलं रामरक्षेचं पहिलं पान. २५ जून १९८३ च्या रात्रीच्या धावत्या वर्णनाची शेवटची वीस मिनिटं, त्यात कपिलच्या नावापेक्षा आमच्या चाळीस बिऱ्हाडांचा ओरडाच जास्त. बाबांच्या ऑफिसातल्या निरोप समारंभाची भाषणं. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या बातम्या. कुमार गंधर्व गेले त्या आठवड्यातला, जानेवारी १९९२ चा, रेडिओवरचा कार्यक्रम. एकीवर लेबलच नाही आणि आत शेजारच्या काकांची व्याख्यानवजा बडबड. आणि नववीबद्दल पुढे सांगतो.

नऊपैकी संगीताची एकच. गाणी काय, परत मिळतील, परत लागतील, असा त्यामागे हिशेब असणार. आणि तो हिशेब किती अचूक ठरला बघा. बाबांनी बोरिवलीपर्यंत जाऊन भरलेली जवळजवळ सगळी गाणी आज माझ्या फोनवर आहेत, तीही पूर्ण अंतऱ्यांसकट. त्या नऊंमधलं मात्र जगात दुसरीकडे कुठेच नाही.

* * *

पुसण्याच्या बाबतीत मोठ्या संस्थाही काही वेगळ्या नव्हत्या. बीबीसीने साठच्या दशकातले 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे कितीतरी भाग पुसले, टेप महाग म्हणून. चित्रं गेली ती गेली. पण हरवलेल्या भागांचा आवाज मात्र शिल्लक आहे. का? तर घरोघरी काही चाहत्यांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो भरून घेतला होता. संस्थेने पुसलेलं घराने राखलं.

अर्थात त्यासाठी घरात मशीन असावं लागतं. मुलुंडचंच उदाहरण देतो. शाहीर विलास घोगरे इथल्याच झोपडवस्तीत राहायचे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरला रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली, आणि त्यानंतर चार दिवसांनी घोगरेंनी आपलं आयुष्य संपवलं. त्यांचा आवाज आज आपण ऐकू शकतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे आनंद पटवर्धन. १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात त्यांनी घोगरेंना गाताना टिपलं होतं, आणि पुढे चौदा वर्षं काम करून २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' केला. घोगरेंच्या वस्तीपासून आमचं घर फार लांब नव्हतं. आमच्याकडे शेजारच्या काकांच्या बडबडीची तासभराची कॅसेट टिकली मोडून ठेवलेली, आणि तिथे एका शाहिराचा आवाज राहतो की नाही हे कुणी बाहेरचा माणूस मशीन घेऊन येतो की नाही यावर. इतिहासात काय उरतं ते कितीदा एवढ्यावरच ठरतं. लाल बटण कुणाच्या हातात होतं?

हाच प्रश्न मी मग घरातही विचारून पाहिला. बाबांच्या खणात आईचा आवाज किती? एकशे बेचाळीस कॅसेटींत तिच्या नावाचं लेबल एकही नाही. ती आहे ती मागे कुठेतरी. "दूध आलंय का बघ" म्हणणारी. रेडिओसमोर भरताना चुकून आत आलेली.

एक कॅसेट सोडून. नववी.

* * *

माझी मावशी १९८१ साली न्यू जर्सीला गेली. फोन होता, पण अमेरिकेचा कॉल म्हणजे आधी बुकिंग, मग वाट बघणं, मग तीन मिनिटांत 'कशी आहेस, बरी आहे, ऐकू येतंय का' यात सगळे पैसे संपणार. पत्रं जायची, पण आजीला लिहिणं फार जमायचं नाही. म्हणून मावशी पहिल्या सुट्टीवर आली तेव्हा एक कल्पना निघाली, कॅसेटवर बोलायचं. कुणी जाणारं-येणारं असलं की त्याच्याबरोबर पाठवायची. ही काही आमचीच युक्ती नव्हे. आखातात गेलेल्यांच्या घरी हे सर्रास चालायचं, आणि परदेशातल्या अनेक मराठी घरांत अशा कॅसेटी अजून असतील.

आमची खासियत एवढीच, की कॅसेट एकच होती. एक टीडीके सी-६०, मावशीने आणलेली. आई आणि आजी बोलणार, कॅसेट तिकडे जाणार. मावशी ऐकणार, आणि त्याच कॅसेटवर, पहिल्यापासून, उत्तर भरून परत पाठवणार. म्हणजे प्रत्येक उत्तर आधीच्या प्रश्नाला पुसत होतं. १९८२ ते १९८९ अशी सात वर्षं ती इकडून तिकडे फिरली. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. पुढे फोन स्वस्त व्हायला लागले, आजी गेली, आणि कॅसेट ज्या घरी होती तिथे, म्हणजे आमच्याकडे, राहिली. आईने तिच्या टिकल्या मोडल्या. बाबांनी नव्हे, आईने. हे मावशीने सांगितलं म्हणून कळलं.

मी ती लावली तेव्हा अपेक्षा होती की शेवटचं पत्र तेवढं असेल. तसं ते आहे. मावशीचं, १९८९ चं. बर्फ, मुलांची शाळा, तिथे मिळणारी भेंडी. ते साधारण सतरा मिनिटांवर संपतं. "बरं, ठेवते," म्हणते, जणू फोनच आहे, आणि खट्. आणि मग, ज्याची मी कल्पनाच केली नव्हती, आवाज बदलतो. मध्येच तोडलेल्या वाक्यातून आई बोलायला लागते.

का ते तुमच्या लक्षात आलं असेल. मावशी सतराच मिनिटं बोलली, म्हणून सतराच मिनिटं पुसली गेली. त्याच्या मागचं आईचं पत्र तेवीस मिनिटांचं होतं. त्यातली शेवटची सहा उरली. आईचं बोलणं संपतं, पुन्हा खट्, आणि त्याच्याही खालून आजी येते.

आजीची पावणेसात मिनिटं आहेत. अगदी बाजू संपेपर्यंत. बोलण्यातल्या बारशाच्या उल्लेखावरून वर्ष १९८४ असावं. म्हणजे पाच वर्षांत त्या फितीवरून कितीतरी पत्रं येऊन गेली, पण त्यातलं एकही तेवीस मिनिटांच्या पुढे गेलं नाही. आजीला थांबायचं कसं ते ठाऊक नव्हतं, किंवा थांबायचं नव्हतं, त्यामुळे ती बटण आपोआप वर उडेपर्यंत बोलत राहिली. सगळ्यांत लांब बोलली म्हणून उरली! आयुष्यभर घरात तिला ऐकवलेलं वाक्य एकच, "किती बोलतेस गं."

काय बोलते? काही नाही. पाणी दोन तासच येतं. कोथिंबीर महाग झाली. बारशाला कोण कोण आलं आणि कोण आलं नाही. मेतकुटाला डाळी किती भाजायच्या. आणि मध्येच "ऐकत्येस ना गं?" असं विचारते आणि थांबते. खरंच थांबते, उत्तराची वाट बघत. चार-पाच सेकंद. त्या शांततेत एक लोकल जाते, कावळा ओरडतो, आणि हेडफोन लावून नीट ऐकलं तर आजीचंच पुढचं वाक्य अगदी पुसट, तिने म्हणायच्या आधीच, ऐकू येतं. यात चमत्कार काही नाही. फीत गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवली की एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर किंचित उमटतं, आणि त्याची चाहूल आधी लागते. उकाड्यात जास्त. तंत्रज्ञ याला दोष मानतात. आमच्या कॅसेटचा तो दोष काढून टाकायला मी तयार नाही.

ही पावणेसात मिनिटं फोनवर पाठवली तेव्हा मावशी दोन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं होतं मी ती पुसली."

* * *

हल्ली जगभर कोऱ्या कॅसेटींचे संग्राहक तयार झालेत. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या, वरचं प्लॅस्टिकही न फाडलेल्या. सोनी, टीडीके, मॅक्सेल यांच्या वरच्या दर्जाच्या, मेटल टेप वगैरे. भरपूर पैसे मोजून घेतात आणि बरेच जण उघडतसुद्धा नाहीत. मला त्यांची टिंगल करायची नाही. त्या सुंदर वस्तू आहेत आणि त्यांचं वेष्टन बघून माझाही हात थबकतो. पण कोरी राहिलेली कॅसेट महाग आणि भरलेली कचऱ्यात, हा न्याय मला काही पटत नाही. उघडली नाही ती फक्त वस्तू राहिली. आमच्या त्या खरडलेल्या टीडीकेवर तीन बायका एकमेकींच्या खाली झोपल्यासारख्या आहेत, आणि रद्दीवाला तिचे दोन रुपये देणार नाही.

शिवाय वेळ फार नाही. युनेस्को आणि ध्वनिसंग्राहकांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ साली इशारा दिला होता की २०२५ च्या सुमारास चुंबकीय फिती वाजवणारी चांगली यंत्रं मिळणंच मुश्किल होईल. ते वर्ष उलटून गेलं. आपल्या उपनगरातल्या हवेत तर फितीला पांढरी बुरशी येते, आतला दाब देणारा छोटा फोमचा तुकडा गळून पडतो, मशीनचा रबरी बेल्ट वितळून डांबर होतो.

तर मंडळी, काम असं आहे. घरातल्या जुन्या कॅसेटी काढा. विकतच्या बाजूला ठेवा, त्यांची काळजी इतर लोक घेतील. भरलेल्या घ्या आणि त्यांची पाठ बघा. टिकली मोडलेली असेल ती आधी. लेबल नसलेल्या दुसऱ्या. ज्यावर खोडाखोड जास्त त्या तिसऱ्या. बुरशी दिसली तर वाजवू नका, तशीच वेगळ्या पिशवीत घाला, नाहीतर मशीनलाही लागेल. वर्षानुवर्षं पडून असलेली फीत एकदम लावू नये. आधी एकदा पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे हळूहळू गुंडाळून घ्यावी. आणि संगणकावर घेताना शेवटपर्यंत चालू द्या. बोलणं संपलं म्हणून थांबवू नका. खट् नंतर काय आहे ते बघायचंच. 'रिकामी आहे' असं वाटलं तरी बाजू संपेपर्यंत.

आत्याकडे मंगलाष्टकांची दुसरी बाजू असायला हवी. बोरिवलीच्या काकांच्या डबल डेकजवळचं ते मोठं खोकं कुणाकडे गेलं ते शोधायचंय. आणि मावशीने तिकडे काही ठेवलं असेल तर कुणीतरी येणारं-जाणारं बघा.

माझ्याकडचा डेक चालू आहे. बेल्ट नवा टाकलाय, हेड स्पिरिटने पुसलाय. रविवारी घरीच असतो. पोहे मी करीन, कॅसेटी तुम्ही आणा.